आधी यंत्राचे कान तपासा : कळंबा तलावातल्या एका चाचणीचं प्रकरण

कोल्हापूरला समुद्र नाही. मग समुद्रातल्या प्राण्यांच्या मागावर जाणारं यंत्र इथं कशाला बनवायचं, असं आमच्या गटाला सुरुवातीपासून विचारलं गेलं. त्याचं उत्तर उद्यमनगरात आहे. पाण्याखाली चालणाऱ्या यंत्राचं निम्मं काम म्हणजे पाणी आत येऊ न देणं, आणि ते काम टर्नरच्या हातात असतं. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत लेथ, मिलिंग, वेल्डिंग, कोटिंग सगळं मिळतं. समुद्र हवा असेल तर गगनबावड्याकडून नाहीतर फोंड्याकडून घाट उतरायचा. लेथ मात्र घाटाखाली इतक्या सहज मिळत नाही.

हे प्रकरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एका छोट्या यंत्राचं आणि कळंबा तलावात त्याची जी आंधळी चाचणी, म्हणजे उत्तर आधी ठाऊक नसताना द्यायची चाचणी, घेतली तिचं आहे. मी या गटाचा मार्गदर्शक. यंत्राचं काम एकच होतं : प्राण्याच्या अंगावर लावतात तसल्या टॅगचा, म्हणजे खुणेचा आवाज काढणाऱ्या छोट्या उपकरणाचा, आवाज पाण्याखाली ऐकायचा आणि तो कुठं ऐकू आला ते नोंदवायचं. प्राणी मात्र आम्ही वापरला नाही. समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला हात लावायचा तर रीतसर परवानगी आणि जाणकार माणसं लागतात, आणि ते तसंच असायला हवं. यंत्र नीट ऐकतं की नाही हेच अजून कळलेलं नसताना त्यासाठी एखाद्या जिवाच्या पाठीवर ओझं चढवणं मला पटत नाही. म्हणून आम्ही टॅग दोरीला बांधून पाण्यात सोडला.

उपग्रह कुठं कमी पडतो

कोकणातली कासवं आता वाचकांना अनोळखी नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडलेच्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री ही त्यांची नावं बातम्यांतून घरोघरी पोचली. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या, आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२५ च्या जानेवारीत तर उलटाच प्रकार दिसला. २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला जिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची साधी पट्टी लावली होती, ती मादी गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असं मानणाऱ्यांना त्या एका पट्टीनं पुन्हा विचार करायला लावला.

पण उपग्रह टॅग कासव श्वास घ्यायला वर आल्यावरच बोलतो. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. म्हणजे नकाशावर जी रेघ दिसते ती वर येण्याच्या ठिपक्यांना जोडणारी रेघ असते. मधल्या वेळात कासव किती खोल गेलं, कोणत्या थरात रेंगाळलं, तिथलं पाणी थंड होतं की गढूळ, हे त्या रेघेत नसतं. आणि शेवंडासारखे किंवा मोरीसारखे (मोरी म्हणजे शार्क) जे जीव हवेसाठी वर येतच नाहीत, त्यांच्यासाठी उपग्रह फारसा कामाचा नाही.

पाण्याखाली चालतो तो आवाज. सगळ्यात जास्त वापरात असलेले टॅग ६९ किलोहर्ट्झवर बोलतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही, त्यामुळे आपल्याला ते मुकेच वाटतात. टॅग करंगळीएवढा. तो तीन-चार सेकंदांत सात-आठ टिका, म्हणजे 'टीक' असे तुटक आवाज, मारतो आणि दोन टिकांमध्ये किती वेळ गेला यात त्याचा ओळख क्रमांक दडलेला असतो. त्यातली एक टीक जरी हुकली तरी क्रमांक जुळत नाही आणि ऐकणारं यंत्र सगळं टाकून देतं. मग टॅग गप्प बसतो. किती वेळ, ते मुद्दाम अनियमित ठेवलेलं असतं, उदाहरणार्थ ६० ते १८० सेकंदांच्या मध्ये कितीही. ठरावीक ठेवलं तर दोन प्राण्यांचे टॅग एकाच वेळी बोलायला लागून कायमचे एकमेकांवर बोलत राहिले असते.

हे ऐकायला जगभर समुद्रतळाशी यंत्रं बांधून ठेवतात. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातून चालणारं ओशन ट्रॅकिंग नेटवर्क हे त्याचं मोठं उदाहरण. पण बांधलेलं यंत्र प्राणी जवळून गेला तरच ऐकणार. म्हणून ऐकणारा कानच फिरता करायची कल्पना आली. अमेरिकेत डेलावेअरच्या संशोधकांनी स्लोकम ग्लायडर जातीच्या, पाण्याखाली संथ सरकत जाणाऱ्या यंत्रावर कान बसवून अटलांटिक स्टर्जन या माशाचा माग काढला. तो मासा २०१२ मध्येच तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला होता. त्या ग्लायडरनं मासा कुठं आहे याच्या जोडीला तिथल्या पाण्याचं तापमान आणि खारेपणाही त्याच क्षणी नोंदवला, त्यामुळे मासा ठरावीक प्रकारच्या पाण्याला धरून राहतो हे दिसलं. मला या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वात मोलाचा भाग वाटतो. स्थळ कळणं ठीक, पण ते स्थळ त्यानं का निवडलं हे कळलं तर मच्छीमाराला जाळं कुठं टाकू नको ते सांगता येतं.

दुसरी तऱ्हा अमेरिकेतल्याच वुड्स होल या सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांची. त्यांनी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटापाशी रेमस-१०० हे टॉर्पेडोच्या आकाराचं यंत्र पांढऱ्या शार्कच्या मागं सोडलं. तिथं टॅग नुसता बोलत नव्हता, यंत्रानं हाक मारली की उत्तर देत होता. हाक आणि उत्तर यांत गेलेल्या वेळावरून अंतर निघतं. शार्कनी त्या यंत्राला चावे घेतले आणि त्याची दृश्यं जगानं पाहिली. आमच्या पोरांनाही ती दृश्यं पाहूनच खुमखुमी आली होती. कॅमेरा हवा, वेग हवा, मागं लागायचं. या प्रकरणात पुढं जे घडलं त्यानं त्यांचा हा क्रमच बदलला.

यंत्र आणि उद्यमनगर

अंगाला जाड पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची टोपणं, बाजूला दोन थ्रस्टर (यंत्राला ढकलणारी मोटर आणि पंखा), एक खाली ढकलायला. मोटर बंद झाली की यंत्र आपसूक वर यावं एवढं हलकं ठेवलेलं. वर आलं की जीपीएसवरून जागा घेणार, कारण पाण्याखाली जीपीएस चालत नाही. खाली असताना होकायंत्र आणि मोटरच्या फेऱ्या यांवरून अंदाजानं जागा काढायची. हा अंदाज जितका वेळ खाली राहावं तितका बिघडत जातो.

टोपणांचा जॉब घेऊन आमची इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरमामांकडं गेली. तयार टोपण तिनं हातात घेतलं, माप बघितलं, बरोबर होतं. मामांनी ते परत घेतलं. डोळे मिटून ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या, खोबणीतून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. एका जागी थांबले.

"पोरी, हितं नख लावून बघ."

तिनं बघितलं. काही कळलं नाही. पुन्हा फिरवलं, तेव्हा बारीक खर लागली.

"नख अडकलं की पाणी शिरलंच म्हणून समज. माप काय, व्हर्नियर सांगतंय. फिनिश नख सांगतंय." असं म्हणून त्यांनी टोपण पुन्हा चकमध्ये धरलं आणि अगदी हलका हात मारला. त्या टोपणातून यंत्रात पाणी कधीच आलं नाही.

वजनाचा किस्सा थोडक्यात सांगतो. तोल साधायला बिडाचे तुकडे आयते मिळत होते, फाउंड्र्यांचं गाव आहे. पण बीड होकायंत्राला ओढतं आणि यंत्र सरळ चाललंय असं समजून वळत राहतं. शिसं चाललं असतं, पण कळंब्याचं पाणी प्यायला जातं. शेवटी पितळ घातलं.

खणीतला उलटा अनुभव

महापालिकेची परवानगी येईपर्यंत पहिली तपासणी शहराबाहेरच्या एका जुन्या दगडाच्या खणीत केली. चारी बाजूंना उभा काळा कातळ, पाणी स्थिर. इथं एक गोष्ट अशी दिसली की पोरं चक्रावली. टॅग यंत्रापासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात असला की त्याचा क्रमांक व्यवस्थित येत होता. तोच टॅग जवळ आणला की क्रमांक येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण प्रतिध्वनीत आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. भिंत ६० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे ८० मिलिसेकंद. एक टीक ऐकली की ऐकणारं यंत्र चौथाई सेकंदाच्या आसपास कान झाकून घेतं, ते अशा प्रतिध्वनीपासून वाचण्यासाठीच. पण कातळाच्या खणीत आवाज एकदा आपटून संपत नाही, या भिंतीवरून त्या भिंतीवर जात राहतो. जवळच्या टॅगचा आवाज इतका जोरकस की चौथाई सेकंद उलटल्यावरही त्याचे पडसाद ऐकू येण्याइतके शिल्लक राहतात. यंत्र ते नवी टीक म्हणून मोजतं आणि क्रमांक विस्कटतो. लांबच्या टॅगचे पडसाद मुळातच क्षीण, ते विरून जातात आणि मूळ टिका तेवढ्या स्वच्छ पोचतात. समुद्रातही खडकाळ तळ आणि शांत हवा असली की हे घडतं आणि संशोधकांना ते ठाऊक आहे. आम्हाला ते आमच्या डोळ्यांसमोर दिसलं, याचा फायदा असा झाला की "जवळ म्हणजे स्पष्ट" हे गृहीत तिथंच सुटलं.

आवाज कोणाचा

कळंब्यावर आल्यावर दुसरी अडचण आली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तीच आहे. यंत्र काठाला बांधलेलं असताना टॅग छान ऐकू येत होता. यंत्र चालू लागलं की काहीच नाही.

सगळ्यांचं बोट लगेच पंख्याकडं गेलं. पंखा फिरतो, बुडबुडे होतात, आवाज होतो, हे खरंच आहे. दुसरा पंखा मागवायची भाषा सुरू झाली. मी एवढंच म्हटलं की मागवण्याआधी आहे तो काढून बघू. पंखे काढले, यंत्र पाण्यात ठेवलं, नुसत्या मोटरी फिरवल्या. गोंगाट जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणजे दोष पंख्याचा नव्हता, निदान मुख्य दोष नव्हता.

मग हायड्रोफोन, म्हणजे यंत्राचा पाण्याखालचा माईक, यंत्रापासून सोडवून वेगळ्या बॅटरीवर घेतला आणि यंत्राच्या शेजारीच पाण्यात धरला. गोंगाट एकदम खाली आला. जागा तीच, पाणी तेच, मोटरी चालूच. फरक फक्त बॅटरीचा आणि वायरींचा. याचा अर्थ बराचसा आवाज पाण्यातून येतच नव्हता, तो वायरीतून येत होता. मोटरचा वेग ठरवणारं जे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतं, पोरं त्याला ईएससी म्हणतात, ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतं. आमच्याकडच्याचं ते २४ किलोहर्ट्झवर. अशी किरकिर त्याच्या पटींतही उमटते. त्याची तिप्पट ७२, म्हणजे ६९ च्या शेजारचंच घर. हायड्रोफोनला बिचाऱ्याला टॅगची टीक आणि ईएससीची किरकिर यांत फरक कळायचा कसा?

हायड्रोफोनला स्वतंत्र बॅटरी दिली, त्याच्या वायरी मोटरच्या वायरींपासून दूर नेल्या, शिल्ड केल्या. बराच फरक पडला. उरला तो खरोखर पाण्यातून येणारा आवाज, पंख्याचा आणि बेअरिंगचा. तो कमी होईल, पण शून्य होणार नाही.

स्लोकम ग्लायडर या कामाला इतका का चालतो ते इथं समजतं. त्याला पुढं जायला पंखा लागत नाही. पंप थोडं तेल आत-बाहेर करतो, त्यानं यंत्राचं आकारमान किंचित बदलतं, ते बुडतं किंवा तरंगतं आणि विमानासारख्या पंखांमुळं बुडता-तरंगता पुढं सरकतं. ताशी एखादा किलोमीटर, बस. पण याच जातीच्या एका ग्लायडरनं २००९ मध्ये न्यू जर्सीपासून स्पेनपर्यंत अख्खा अटलांटिक २२१ दिवसांत पार केला. आणि बराच काळ ते जवळपास नि:शब्द असतं.

आम्हाला ग्लायडर बनवणं शक्य नव्हतं. मग आमच्या यंत्राला गप्प बसायला शिकवायचं ठरलं.

वेगाचं गणित

पोरांना हे गणित फळ्यावर करायला लावलं, तेच इथं देतो.

समजा यंत्राला ३०० मीटरवरचा टॅग ऐकू येतो आणि ते सेकंदाला अर्धा मीटर चालतं. टॅगच्या अगदी डोक्यावरून गेलं तर ते ६०० मीटर ऐकण्याच्या टप्प्यात असेल, म्हणजे २० मिनिटं. टॅग सरासरी दोन मिनिटांनी बोलतो असं धरलं तर दहा संधी. आता वेग तिप्पट करा, सेकंदाला दीड मीटर. उरतात ४०० सेकंद, संधी तीन. वेग वाढला की गोंगाटही वाढतो. गोंगाटामुळं ऐकण्याचा टप्पा ३०० वरून ५० मीटरवर आला तर? १०० मीटर, ६७ सेकंद. टॅग तर १८० सेकंदांपर्यंत गप्प राहू शकतो. यंत्र माशाच्या डोक्यावरून जाईल आणि मासा एकदाही बोललेला नसेल.

पुढचा हिशेब आणखी महत्त्वाचा. प्रत्येक संधीला ऐकू येण्याची शक्यता दहात चार असेल, तर तीन संधींत एकदाही ऐकू न येण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. दहा संधींत तीच एका टक्क्याच्याही खाली जाते. मासा तोच, जागा तीच, यंत्र तेच. फरक फक्त किती वेळ कान देऊन थांबलो याचा.

म्हणून ठरलं की यंत्रानं थांबे घेत जायचं. थांब्यावर मोटरी पूर्ण बंद. यंत्र वर येईल, हायड्रोफोन तीन मीटरच्या वायरवर खाली लोंबत सोडेल, आणि दहा मिनिटं फक्त ऐकेल. टॅग जास्तीत जास्त १८० सेकंद गप्प राहिला तरी एवढ्या वेळात तीन संधी नक्की मिळतात. हायड्रोफोन खाली सोडण्यालाही कारण आहे. उन्हाळ्यात दुपारी वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, आणि आवाज गार पाण्याकडं झुकतो. पृष्ठभागालगत कान ठेवला तर खालच्या टॅगचा आवाज वाकून निघून जातो.

आंधळी चाचणी

टॅग कुठं आहे हे ठाऊक असताना तो सापडणं याला काही अर्थ नाही. म्हणून टॅग लपवायचं काम यंत्राशी संबंध नसलेल्या माणसाला दिलं. तलावावर मासे धरणारे एक अण्णा आमच्या धडपडीकडं रोज बघत असायचे. त्यांच्याकडं गुळाची जुनी काहील, म्हणजे रस उकळायची मोठी पसरट कढई, होती. आपल्याकडं नदी ओलांडायला काहील वापरतात, तशी ते ती पाण्यात घालायचे. तिला मोटर नाही आणि वल्ह्याचा आवाजही फारसा नाही, त्यामुळे आमच्या मोजणीत तिचा अडथळा येण्याचं कारण नव्हतं. गटातला एक विद्यार्थी त्यांच्याबरोबर बसला. दगड बांधलेली दोरी, दोरीला टॅग, वर कसलाही तरंगता डबा नाही. जागा फोनवर घेऊन कागदावर लिहायची, पाकीट बंद करून माझ्याकडं द्यायचं.

यंत्र चालवणारी मुलगी अण्णांना विचारायला गेली, "अण्णा, पार तिकडं गेलता काय?"

"मला इचारू नको बाळ. मी सांगनार न्हाई. तुझं यंत्र हुशार हाय न्हवं?"

याशिवाय आणखी एक टॅग होता, आणि तो मी सगळ्यात महत्त्वाचा समजतो. त्याला आम्ही राखणीचा टॅग म्हणायचो. तो कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दर थांब्याच्या आसपास तो ठरावीक अंतरावर लटकवायचा आणि त्याच्या किती हाका ऐकू येतात ते मोजायचं. त्या जागी, त्या वेळी, त्या वाऱ्यात यंत्राचा कान किती चालतो ते तोच सांगतो. समुद्रातली कामं करणारेही असे टॅग वापरतात. आपल्याकडच्या विद्यार्थी प्रकल्पांत मला ते क्वचितच दिसतात, आणि मोजणीचा पायाच त्यामुळं कच्चा राहतो.

पहिल्या फेरीत यंत्र न थांबता तलावभर फिरलं. लपवलेल्या टॅगची एकही नोंद नाही. दुसऱ्या फेरीत थांबे घेत गेलं. दोन थांब्यांवर क्रमांक आला, दोन्ही तलावाच्या मधल्या उघड्या पाण्यात. काठाकडच्या थांब्यावर काहीच नाही. पोरांनी नकाशा काढला आणि टॅग मध्यावर कुठंतरी आहे असं ठामपणे लिहून दिलं.

मी पाकीट फोडायच्या आधी राखणीच्या टॅगच्या नोंदी बघायला सांगितल्या. मधल्या थांब्यांवर राखणीचा टॅग व्यवस्थित ऐकू येत होता. काठाकडच्या थांब्यावर तोही जवळजवळ बंद होता. म्हणजे त्या थांब्यावर यंत्र बहिरं होतं. तिथल्या नोंदीत शून्य लिहिणं चूक ठरलं असतं, कारण तिथं कोण आहे आणि कोण नाही याबद्दल यंत्राला काही म्हणायचाच अधिकार नव्हता.

मग मुलीनं स्वतःच नकाशा पुसला. उघड्या पाण्यातल्या दोन थांब्यांपैकी त्यातल्या त्यात काठाला जवळ असलेल्या थांब्यावर टॅगच्या जास्त हाका आल्या होत्या, मध्यातल्या थांब्यावर कमी. दोन्हींकडं राखणीचा टॅग सारखाच ऐकू येत होता, म्हणजे हा फरक खराच होता. तो बाण काठाकडं जात होता, नेमका जिथं यंत्र बहिरं होतं त्या बाजूला. तिनं नवीन खूण काठाच्या पट्ट्यात केली.

पाकीट उघडलं. टॅग काठाच्याच पट्ट्यात होता. त्याच्या आणि बहिऱ्या थांब्याच्या मध्ये पाण्याखालच्या गवताचं बेट होतं. अण्णांना ते पक्कं ठाऊक होतं. मासे तिथंच असतात म्हणून त्यांनी टॅगही तिथंच सोडला होता. गवताच्या देठांत हवा असते, ऊन असताना पानांवर प्राणवायूचे बुडबुडे धरतात, आणि पाण्यातल्या आवाजाला हवेइतकं अडवणारं दुसरं काही नाही. टॅगच्या सगळ्यात जवळचा थांबा म्हणूनच सगळ्यात बहिरा ठरला.

याचा प्रत्यक्ष कामातला अर्थ गंभीर आहे. मासे गवतात राहतात, प्रवाळात राहतात, कपारीत राहतात, म्हणजे आवाज जिथं अडतो नेमके तिथं राहतात. राखणीचा टॅग नसता तर आम्ही "मासे उघड्या पाण्यात असतात" असा निष्कर्ष काढला असता आणि तो नकाशासकट छापला असता. अशा नकाशावरून कुणी जाळ्यांना बंदीचा पट्टा आखला, तर तो पट्टा चुकीच्या जागी पडेल. तिथं मासे वाचणार नाहीत आणि मच्छीमाराचं पोट मात्र मारलं जाईल.

गोड्या पाण्यातून खाऱ्यात

कळंब्यावर जमलं ते मालवणला तसंच जमेल असं समजू नये. ६९ किलोहर्ट्झचा आवाज गोड्या पाण्यात किलोमीटरमागं एखादा डेसिबल शोषला जातो. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा वीसच्या घरात जातो, कारण त्यात विरघळलेलं मॅग्नेशियम सल्फेट या पट्ट्यातला आवाज खातं. त्यामुळं तलावात मिळालेलं ऐकण्याचं अंतर समुद्रात मिळेल ही अपेक्षाच ठेवायची नाही. शिवाय खडकाळ तळाजवळ चुटकी मारणाऱ्या बारीक कोळंब्या असतात. त्यांच्या नांग्यांचा आवाज लाह्या फुटल्यासारखा अखंड चालू असतो आणि तो आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या खूप वर, टॅगच्या पट्ट्यापर्यंत पोचतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथं प्रवाळ आहे, म्हणजे या कोळंब्याही असणार असं धरूनच जायचं.

वजनाचंही बदलतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. आमचं यंत्र ३० लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणून तिथं ते पाऊण किलोनं हलकं होईल. तेवढं पितळ वाढवावं लागेल, नाहीतर खाली जायची मोटर सतत चालू ठेवावी लागेल आणि जो गोंगाट एवढ्या कष्टानं कमी केला तो परत येईल.

कॅमेऱ्याचा विषय गटात अजून निघतो. मी त्याला विरोध करत नाही, पण आमच्या किनाऱ्यावरचं पाणी बराच काळ गढूळ असतं आणि कॅमेरा म्हणजे जादा वीज, जादा वायरी, जादा किरकिर. आधी कान पक्का होऊ दे, असं माझं म्हणणं आहे आणि सध्या तरी गटानं ते मानलं आहे.

नारळी पौर्णिमा होऊन समुद्र उघडेपर्यंत यंत्र उद्यमनगरातच राहील. तोवर टर्नरमामांकडं दोन कामं दिली आहेत : पितळेची पाऊण किलोची चकती, आणि राखणीचे चार टॅग वेगवेगळ्या खोलीवर एकाच दोरीला धरता येतील अशा पकडी. मालवणात किनाऱ्यालगत, तिथल्या होडीवाल्यांना विचारून आणि परवानगी घेऊन, पहिले काही दिवस फक्त हे राखणीचे टॅग ऐकायचे आहेत. भरतीला किती ऐकू येतं, ओहोटीला किती, खडकापाशी किती आणि वाळूवर किती, हा तक्ता भरल्याशिवाय लपवलेला टॅग पाण्यात जाणार नाही.